जुनंच काम, नवा कोर्स

क्लाइव्ह ऑर्मरॉड इंग्लंडातल्या बर्नलीत बावीस वर्षं पाण्याचे नळ जोडत होता. पन्नाशीला त्यानं बेचाळीसशे पौंड भरून गॅसचा कोर्स केला आणि गॅसनोंदणीचं परवान्याचं कार्ड मिळवलं. कार्ड बघताच भाड्याच्या घरांच्या एजंटबाईनं चाळीस घरांची वार्षिक बॉयलर-तपासणी त्याच्या गळ्यात घातली. म्हातारपणाची सोय झाली. कार्ड तो उशाखाली ठेवून झोपतो, असं त्याची बायको सांगायची.

त्याचे हिशेब माझ्याकडे. कोर्सची पावती त्यानं टेबलावर ठेवली.

"कर वाचवायला हे धंद्याच्या खर्चात टाक, बाई."

"नाही बसत. येत असलेलं काम उजळून घेतलंस तर खर्च. नवीन शिकलास तर तुझ्या खिशातून."

"म्हणजे शिकलो हीच चूक?"

"आधी येत नव्हतं, ही चूक."

बाराशे पौंड कर वाचला नाही म्हणून तो आठवडाभर जेवला नसावा. सकाळी सातला नळ-सामानाच्या दुकानात प्लंबर मंडळी चहाचे मग घेऊन उभी असतात. तिथं त्यानं रड सांगितली. ऐकणाऱ्यांत केन हॉल्डन होता. त्या चाळीस घरांची तपासणी कालपरवापर्यंत केनकडे होती.

"येडा का खुळा तू?" केन म्हणाला. "चोरून बॉयलर बसवत नव्हतास होय सहा वर्षं? मग येतच होतं की तुला! लिही तसं."

क्लाइव्हला पटलं, कारण ते खरं होतं. त्यानं खर्च लावला. करखात्यानं विचारलं, हे शिक्षण नव्या कामाचं की जुन्या? त्यानं 'जुन्या' असं उत्तर लिहिलं आणि पुरावा म्हणून चोरून बॉयलर बसवलेल्या अकरा घरांचे पत्ते तारखांसकट जोडले.

मी ते वाचलं. "क्लाइव्ह, कार्ड नसताना गॅसला हात लावणं गुन्हा आहे. तू सही करून कबूल करतोयस."

"करवाल्यांना गॅसचं काय पडलंय? आणि हे वाचायची वेगळी फी देणार नाही हं."

फुकटचा सल्ला मी एकदाच देते. पाकिटावर तिकीट मात्र लावून दिलं.

करखात्यानं चकार शब्द न काढता खर्च मान्य केला. त्या आनंदात क्लाइव्हनं केनला बिअर पाजली.

"त्या पत्राची एक प्रत दे ना," केन म्हणाला. "माझाही एक कोर्स अडकलाय."

क्लाइव्हनं प्रत दिली. वर कुठला परिच्छेद महत्त्वाचा, तेही खुणा करून दिलं.

महिन्याच्या आत गॅसनोंदणीवाले दोन तपासनीस त्याच्या दारात उभे राहिले. हातात तीच प्रत, त्याच खुणा. कार्ड गेलं. कोर्टानं तीन हजारांचा दंड ठोकला. एजंटबाईनं चाळीस घरं त्याच दिवशी केनला परत दिली. केननं हिशेबही माझ्याकडे आणले. पावत्या व्यवस्थित लावलेल्या असतात त्याच्या.

क्लाइव्ह आला तो टोपी न काढताच बसला.

"दंड खर्चात बसतो?"

"नाही."

"केननं असं करावं?"

मी पेन्सिलीला टोक काढत होते.

"ते पत्र चुकून लिहिलं, असं कळवता येईल?" त्यानं विचारलं. "वकील म्हणतो, अपिलात कार्ड परत मिळायची आशा आहे."

"येईल की. पण मग ते काम नवीन ठरतं. बाराशे पौंड परत भरावे लागतील, वर व्याज."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"व्याज किती?"

मी आकडा सांगितला.

"छ्या," तो उठत म्हणाला. "मग राहू दे."