पेपरावरचं पहिलं नाव

बाईंच्या घरात दिवस चहाने सुरू होत नसे, आकड्याने सुरू होई. डोळे उघडले की त्या फोन उचलत आणि आपल्या संशोधनाच्या पेपरांचा उल्लेख जगात आणखी किती जणांनी केला ते बघत.

"कालपासून सतरा वाढले!" स्वयंपाकघरात येत त्यांनी जाहीर केलं.

"वा! मग चहा घेताय, की अठराव्याची वाट बघताय?" यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले.

सून डबे भरत होती. एरवी ती हसली असती. "आई, ते पत्र..." ती हळूच म्हणाली.

"बघते गं. आज जरा गडबड आहे."

गेले नऊ दिवस हेच उत्तर चाललं होतं.

बाई म्हणजे विषाणूंच्या अभ्यासातलं मोठं नाव. दोनशे बारा पेपर! सून त्यांच्याच प्रयोगशाळेत अकरा वर्षं राबत होती, दरवर्षी नव्या करारावर. आता कायमची जागा निघाली होती आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. अर्जाला एक तरी पेपर हवा होता ज्यावर तिचं नाव पहिलं असेल. नसेल तर मुख्य काम तिचंच होतं असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, म्हणजे बाईंचंच, पत्र. मुदत आज पाचपर्यंत.

ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं, हा सगळीकडचा शिरस्ता. बाईंच्या प्रयोगशाळेत मात्र काम कुणीही करो, पहिलं नाव बाईंचं. त्यांच्या साहेबांनीही त्यांना असंच वागवलं होतं. तेव्हा याच बाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या होत्या. आणि स्वतः खुर्चीत बसल्यावर? तेच! वर पुन्हा, "आम्ही नाही का सोसलं?" अहो, सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसायला लावायचं, हा कुठला न्याय?

पत्र लिहिणं म्हणजे आपण सुनेचं नाव मागे ढकललं हे कबूल करणं. तेही सर्वांत गाजलेल्या पेपराबाबत. म्हणून बाईंचा हात धजत नव्हता.

चारच्या सुमाराला एका अनोळखी संशोधकाची ईमेल आली. 'आम्ही तुमचीच पद्धत वापरतो. पण पेशी सदतीसऐवजी तेहेतीस अंशांवर वाढवायचं कसं सुचलं?'

बाईंनी स्वतःचाच तो गाजलेला पेपर उघडला. त्यात नुसतं 'तेहेतीस' होतं. सहा वर्षांत त्यांनी स्वतः हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्या उठून सुनेकडे गेल्या. ती काचेच्या कपाटात हात घालून बाटल्या बदलत होती.

"अगं, ते तेहेतीस अंश कुठून आले?"

सून हसली. "इनक्युबेटर बिघडला होता ना! तीन दिवसांच्या सुट्टीत पेशी गार पडल्या. मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, सगळं टाकून दे. माझं मन होईना. बघते तर विषाणू दुप्पट वाढलेला."

"मी म्हणाले, टाकून दे?"

"कुणीही तेच म्हणालं असतं, आई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे आपण फेकायला सांगितलं, त्यावरच आपण सहा वर्षं मिरवत होतो! त्या आपल्या खोलीत येऊन पत्र लिहायला बसल्या. आधी लिहिलं, 'मोलाची मदत'. खोडलं. मग लिहिलं, 'महत्त्वाचा सहभाग'. तेही खोडलं. अखेर लिहिलं, 'कल्पना, प्रयोग आणि लेखन तिचंच. पहिलं नाव माझं लावलं, ती माझी चूक.'

पत्र पाठवलं तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. त्यांनी कार्यालयात फोन केला, हातापाया पडल्या.

"मॅडम, पाच म्हणजे पाच," पलीकडचा कारकून म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी सून मटार सोलत होती. बाई समोर बसल्या. "माझ्यामुळे गेलं गं. शब्द शोधत बसले. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

"मग म्हणू नका, आई. तुमची माफी घेऊन मी कुठे अर्ज करू?" तिचा आवाज चढला नाही, पण हातातली शेंग तशीच राहिली. "नाव द्या. माझं द्या आणि बाकीच्यांचंही द्या."

सकाळी यजमानांनी नेहमीसारखं विचारलं, "काय, आज किती वाढले?"

बाईंसमोर पेपरांची छापील यादी होती आणि हातात पेन्सिल. "किती कमी होणार ते बघतेय. साठांवर खुणा केल्यात. ते माझे नाहीत. आज सगळ्या नियतकालिकांना नावं दुरुस्त करायची पत्रं जातील."

सुनेने डबा पिशवीत ठेवला, यादीवरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"एकसष्ट. हा आपल्या प्रयोगशाळेतल्या त्या चष्मेवालीचा. तुम्ही विसरलात."

"ती कुठे असते आता?"

"शिकवण्या घेते. अर्ज करायचं तिने कधीच सोडलं."

बाईंनी त्या ओळीवर खूण केली. मग खालमानेने म्हणाल्या, "तिचा नंबर दे."