यादीतलं एक नाव

बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे सतरा वर्षांचं धूड. चालू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडद्यावर अक्षरं उमटायची. नवीन घेऊन देते म्हटलं की बाबांचं एकच, चालतोय ना? चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, चालत्या वस्तूला हात लावू द्यायचा नाही. शेवटी मीच कंबर कसली. त्या धुडासाठी हलका कर्नल तयार करायचा. कर्नल म्हणजे सगळ्या सिस्टिमचा गाभा. त्यात जगभरच्या यंत्रांची सोय कोंबलेली असते, बाबांना लागते त्यातली मूठभर.

ती मूठभर कोणती, हे मशीनलाच विचारता येतं. म्हणून दुपारी ऑफिसातून मी नेटवरून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि वापरात असलेल्या भागांची यादी मागवली. यादीबाहेरचं सगळं गाळायचं आणि उरलेलं माझ्या दणकट मशीनवर कंपाइल करायचं, म्हणजे त्यांच्या मशीनला चालवता येईल असं बांधून घ्यायचं. बावन्न नावं आली. कीबोर्ड, माऊस, आवाज. आणि एक असं, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा भाग. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो तो.

चुकून चालू राहिला असेल म्हणून मी तोही गाळणार होते. पण मला खोड वाईट, जुन्या नोंदी उघडल्या. पाच महिने, रोज सकाळी, न चुकता. वाचण्याचा वेग इतका वाढवलेला, की सवय नसलेल्याला एक शब्द कळू नये.

पाच महिने हा माणूस मला पेपरात वाचलं म्हणून बातम्या सांगत होता आणि मी माना डोलवत होते. भयंकर राग आला, त्यांचा आणि माझाही. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. सव्वाचार. माझ्या सात वर्षांच्या लेकीला, बबडीला, बाबा रोज चार वाजता शाळेतून गाडीने घरी आणतात.

बाबांना फोन लावला, तो बबडीनेच उचलला. मागे इंजिनाची घरघर. आजोबा बरे आहेत ना, असलं काहीतरी मी बरळले.

"आई, नंतर बोल ना, मला काम आहे," ती म्हणाली. "सिग्नल लाल की हिरवा ते मी सांगते, आणि समोर कोण आलं तेपण. आमचा रोजचा खेळ आहे. मी एकदाच चुकले."

जमेल तितक्या शांतपणे मी सांगितलं, आजोबांना गाडी कडेला घ्यायला सांग.

"थांब, आधी कड कुठे आहे ते सांगते त्यांना."

मग मला नुसतं ऐकू येत राहिलं. थोडं अजून, आजोबा. अजून. सायकल जाऊ द्या. आता वळा. थांबा. इंजिन बंद झालं. फोन बाबांनी घेतला.

"तिला रागावू नकोस," ते म्हणाले. "गेले दोन महिने गाडी तीच चालवतेय."