ठोंब्याचं खाणं

थोरलीचं लग्न झालं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि धाकटी चौपन्न. गल्लीत त्या दोघींना याच नावांनी ओळखत. आईवडील गेल्यापासून दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. थोरली शिवणाच्या कारखान्यात कापड कापायची, धाकटी समोरच्या मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर होती. तिथं दिवसभर चौकशा यायच्या, आणि धाकटी प्रत्येकाला एकाच गोड, सपाट आवाजात सांगायची, "थांबा हं, जोडून देते."

मग कारखान्यात एक बुकबाइंडर यायला लागला. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायला त्याला कापडाचे उरलेले तुकडे हवे असायचे. तीन वर्षं तो तुकडे नेत राहिला. इतके तुकडे लागण्याइतकी पुस्तकं त्या शहरात नव्हती, हे सगळ्या कारखान्याला कळत होतं. विधुर होता, कमी बोलायचा. एका संध्याकाळी थोरली भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी लग्न करतेय."

"बरं," धाकटी म्हणाली आणि घासलेलीच ताटली पुन्हा घासत राहिली.

निबंधकाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही धाकटीनंच केली. थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. बसनं दोन तासांचा रस्ता. पहिल्या आठवड्यात तिचे तीन फोन आले. धाकटीनं ते घेतले, पण बोर्डावरच्या आवाजात. "हो. छान. ठेवते." मग फोन यायचे थांबले. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. घरात आता एकाच माणसाच्या चपला होत्या, आणि साबणाची वडी संपता संपत नव्हती.

आठव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, बुकबाइंडर एकटाच दारात उभा राहिला. हातात बाजाराची टोपली, टोपलीत दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू. एक कान उभा, दुसरा पडलेला. काखेत काचेची बरणी, गोल दाण्यांनी भरलेली.

"आमच्या कुत्रीचं आहे," तो म्हणाला. "तुमच्या ताईनं पाठवलंय. म्हणाली, घरात कोणीतरी हवं."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ताईचं म्हणणं, मी गेले, माझ्या जागी हा बदली कामगार घे! पण भाऊजींच्या तोंडावर काय बोलणार? तिनं चहा दिला. त्यानं अर्धाच घेतला.

"हे बरणीतलं आठवडाभर पुरेल," तो उठता उठता म्हणाला. "ते संपायच्या आत काय करायचं, तर..."

तेवढ्यात पिल्लानं त्याच्या बुटावर कार्यक्रम उरकला. बूट पुसण्यात, माफी मागण्यात आणि बस चुकेल या घाईत त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं.

पिल्लाला ती ठोंब्या म्हणायला लागली, कारण हाक मारली की तो भलतीकडे बघायचा. तिची कामाची पाळी सकाळी सातची. मधल्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून घरी धावायची, त्याला खायला घालायची, फरशी पुसायची, पुन्हा धावायची. लळा लावायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. पण रोज दार उघडताना आतून नखांचा खरडण्याचा आवाज आला की तिची किल्ली कुलपात नीट बसायची नाही.

सहाव्या दिवशी बरणी रिकामी झाली. तिनं ती घासून पालथी घातली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. शेल्फवर पाकिटंच पाकिटं. एकावर हिरवळीवर उड्या मारणारा कुत्रा होता, केस असे की जाहिरातीतल्या बाईनंही हेवा करावा.

"हेच न्या ताई," दुकानदार म्हणाला. "लाल, हिरवे, पिवळे दाणे. भाज्या, मांस, सगळं आलं त्यात. कुत्री तुटून पडतात."

ठोंब्या खरंच तुटून पडला. बशी पुढे ढकलत ढकलत पलंगाखाली घेऊन गेला. धाकटीला उगाच विजय मिळाल्यासारखं वाटलं. बरणीतल्यापेक्षा माझं आवडलं!

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तेव्हा स्वयंपाकघराची फरशी पाहवत नव्हती. ठोंब्या कोपऱ्यात पोट जमिनीला टेकून बसला होता आणि हाक मारल्यावर, पहिल्यांदाच, सरळ तिच्याकडे बघत होता. तिनं इस्पितळात रजा कळवली, त्याला टॉवेलात गुंडाळलं, पाकीट पिशवीत टाकलं आणि प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर पहिला नंबर लावला.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं ठोंब्याच्या हिरड्या दाबून पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. "अंगात पाणी आहे अजून. घाबरू नका काकू. काय खाऊ घालताय?"

धाकटीनं पाकीट टेबलावर ठेवलं.

"चित्र सोडा. मागं बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. सगळ्यात जास्त जे असतं ते पहिलं लिहितात."

"मका," धाकटीनं वाचलं. "गव्हाचा कोंडा. सोया."

"मांस?"

"पाचवं आहे. मांसजन्य पदार्थ."

"कोणाचं मांस?"

"ते लिहिलेलं नाही."

"आता खालची ओळ."

धाकटीनं पाकीट खिडकीकडे धरलं. "पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी." तिचे कान तापले. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं, खोल्यांचे आकडे बिनचूक सांगत आलेल्या बाईला एवढी ओळ दिसू नये?

"हे काही विष नाहीये," डॉक्टरीण म्हणाली. "पण हा वाढीला लागलाय. त्याला पिल्लांसाठीचा संपूर्ण आहार हवा, आणि यादीत वर एखाद्या मांसाचं नाव हवं. कोंबडी, मासा, काहीही, पण नाव घेऊन. रंगांचं म्हणाल तर ते माणसांसाठी असतात, कुत्र्याला काय त्याचं? आणि पोट खरं बिघडलंय ते एका दिवसात खाणं बदलल्यामुळे. आठ-दहा दिवस घ्यायचे, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत. आधी काय खात होता?"

"बरणीतलं."

"बरणीत कुठलं?"

धाकटीनं पाकीट परत पिशवीत टाकलं.

"जिथून आणलं त्यांना विचारा. दोन दिवस हे औषध द्या, आणि जुनंच खाणं परत सुरू करा. त्याच्या पोटाला तेच ओळखीचं आहे."

"विचारते हं," धाकटी बोर्डावरच्या आवाजात म्हणाली.

पण तिनं विचारलं नाही. आधी ती शेजारच्या दुकानात शिरली. तपकिरी, गोल, मध्ये भोक असलेले दाणे आहेत का? दुकानदारानं एकामागून एक सहा पाकिटं काढली. सगळ्यांतले दाणे तपकिरी, गोल, मध्ये भोक. घरी येऊन तिनं बरणीचं झाकण उघडून वास घेतला. साबणाचा वास आला. टॉवेलातून ठोंब्या कण्हला. तेव्हा कुठे तिनं फोन उचलला.

"हॅलो," थोरलीचा आवाज आला.

"मी बोलतेय. पिल्लाला आधी कुठलं खाणं देत होतात, तेवढं हवं होतं."

"का गं? बरं नाही त्याला?"

"पोट बिघडलंय. माझ्याच चुकीनं."

"थांब, पोतं आणते. चष्मा कुठे गेला मेला... हां." कागदी पोतं सरकवल्याचा आवाज झाला, आणि थोरलीनं पोत्यावरचं नाव सांगितलं. धाकटीनं ते लिहून घेतलं. काम झालं होतं. पण थोरली सवयीनं पुढे वाचतच गेली, रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची तशी, एकेका शब्दावर थांबत. "कोंबडीचं मांस. तांदूळ. ओट. कोंबडीची चरबी. माशाचं तेल. बिटाचा चोथा..."

धाकटी भिंतीला पाठ टेकून खाली बसली. तिनं थांबवलं नाही. खनिजं झाली, जीवनसत्त्वं झाली, प्रथिनं किती टक्के ते झालं.

"संपलं," थोरली म्हणाली. "आता नुसता कारखान्याचा पत्ता राहिलाय."

"तोही वाच."

थोरलीनं पत्ता वाचला. पिन कोडसकट.

"पुढच्या रविवारी येऊ का?" मग थोरलीनं विचारलं.

"ये की. विचारतेस काय?"

त्या संध्याकाळी धाकटीनं चार दुकानं पालथी घातली. एकानं उघड्या पोत्यातलं सुटं देऊ केलं. त्यावर ना तारीख ना नाव, म्हणून तिनं घेतलं नाही. दुसऱ्याकडे मोठं पोतं होतं, पण एवढंसं पिल्लू ते संपवेपर्यंत दाणे मऊ पडले असते. चौथ्या दुकानात छोटं पाकीट मिळालं. तिनं बनवल्याची तारीख पाहिली, मागची यादी पहिल्या शब्दापासून वाचली. पत्त्याचा पिन कोडही तोच निघाला. ठोंब्या दोन दिवसांत सावरला. तिसऱ्या दिवशी त्यानं तिची चप्पल कुरतडली आणि ती चक्क खूश झाली.

रविवारी थोरली आली. नवी पर्स, नवा कोट. ठोंब्यानं तिला ओळखलं आणि गोल गोल धावून बादली पाडली. थोरली हसली, सवयीनं ओट्याकडे गेली, कपाट उघडलं आणि तिथंच थांबली.

"कप कुठे ठेवलेस?"

"वर. मी करते चहा, तू बस."

थोरली खुर्चीच्या कडेला बसली, पर्स मांडीवर धरून. तिच्याच घरात तिला असं बसलेलं पाहून धाकटीनं पाठ फिरवून आधण ठेवलं. चहा होईपर्यंत बसचं, हवेचं, जिन्यातल्या दिव्याचं बोलून झालं.

"मला राग आला होता," धाकटी एकदम म्हणाली.

"माहितीये. लग्नाचा."

"लग्नाचा नाही. पिल्लू पाठवलंस त्याचा. माझ्या बदली हा ठेव, असं झालं मला."

थोरलीनं कप खाली ठेवला. "मी कुठे पाठवलं? मी तर ह्यांना म्हटलं होतं, तिला कुत्री आवडत नाहीत. हे परस्पर घेऊन आले. मला सांगितलं संध्याकाळी, रिकामी टोपली हातात घेऊन."

"मग 'घरात कोणीतरी हवं', ते?"

"ते त्यांचंच. पहिली गेली तेव्हा वर्षभर घरात एकटे होते. मग ही कुत्री आणली. मला म्हणाले, तुझ्या बहिणीचा फोनवरचा आवाज मला ओळखीचा वाटतो." थोरलीनं पर्सचा बंद सारखा केला. "असं काही बोलले ना, की दोन दिवस पुन्हा गप्प. चांगले आहेत गं. खूप चांगले आहेत. पण मला इतक्या शांत घराची सवय नाही."

मग परत ये, हे शब्द धाकटीच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिनं विचारलं, "अजून चहा?"

"अर्धा."

बहिणीच्या नवऱ्याबद्दल आपण इतके आठवडे काय काय मनात धरलं होतं, ते तिला आठवत राहिलं. त्या माणसानं स्वतःच्या नावावर नव्हे, बायकोच्या नावावर तिला सोबत आणून दिली होती, आणि तिनं त्याला चहा दिला होता तो पाहुण्याला देतात तसा. "भाऊजींनाही आण पुढच्या वेळी," ती म्हणाली.

"विचारीन. त्यांना बस लागते."

पाचची बस होती. दोघी खाली उतरल्या, धाकटीच्या कडेवर ठोंब्या. थांब्यावर गर्दी नव्हती. थोरलीनं ठोंब्याचा पडलेला कान उभा करून पाहिला, तो पुन्हा पडला. "फोन करत जा," ती म्हणाली. "कामाशिवाय पण."

"तूही."

बस आली. थोरली चढली आणि खिडकीपाशी बसली. धाकटीनं ठोंब्याचा पंजा धरून वर केला, पण थोरली तेव्हा दुसऱ्या बाजूला वळून कंडक्टरला काहीतरी सांगत होती. बस वळणावरून गेली. कोणी पाहिलं तर बरं दिसणार नाही म्हणून धाकटीनं पंजा हळूच खाली सोडला.

वर येऊन तिनं दोन्ही कप विसळले. मग वाटीनं दाणे मोजून बशीत ओतले आणि ठोंब्याच्या शेजारी फरशीवर बसली. तो मान खाली घालून खात होता, कुडुम कुडुम, आणि खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता.