सदाफुलीचं नाव

धाकट्या भावाने साबणाच्या पहिल्या वेष्टनावर 'सदाफुली' लिहिलं तेव्हा ताईने नुकतीच तिशी ओलांडली होती. लहानपणी वडील तिला सदाफुलीच म्हणायचे. कारण असो वा नसो, ही आपली खिदळत असायची. वडील गेल्यावर मोरीमागच्या खोलीत दोघं भावंडं साबण करू लागली. तो बाजार बघायचा, ही तेलात कॉस्टिक सोडा ओतून तासन्‌तास ढवळायची. हातांची सालं निघायची.

"ताई, तुझंच नाव दिलंय बघ," तो म्हणाला, आणि ती इतकी हरखली की पहिली वडी तिने कुणाला वापरूच दिली नाही.

साबण चालला. मग सदाफुली फिनेल आलं, सदाफुली भांड्यांची पावडर आली, पुढे संडास धुवायचं सदाफुलीही निघालं. "आता एवढंच राहिलं होतं!" म्हणत ताई स्वतःच पोट धरून हसली होती. खोलीची शेड झाली, शेडचा कारखाना झाला. धंद्याच्या चौदाव्या वर्षी कढईतलं उकळतं मिश्रण उडालं आणि तिचा उजवा डोळा गेला. भाऊ दवाखान्यात उशाशी बसून रडला खरा, पण ती बरी झाल्यावर म्हणाला, "आता तू आराम कर." त्या आरामाचा अर्थ तिला कारखान्याच्या फाटकापाशी कळला, रखवालदाराने पास मागितला तेव्हा.

नाव मात्र वाढतच गेलं. सदाफुली शाळा, सदाफुली गृहसंकुल, त्याच्या दारात सदाफुली बसथांबा. "चला, सदाफुलीवाले उतरून घ्या!" कंडक्टर ओरडायचा, आणि ती दांडा चाचपडत उतरायची.

पंचावन्नाव्या वर्षी तिने घरातल्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. सुई ओवायला वेळ लागायचा, पण उसवलेल्या शिवणी, पडदे, उशांचे अभ्रे असं काम मिळू लागलं. दारावर पाटी लावली: 'सदाफुली शिवणकाम'. तीन आठवड्यांत कंपनीची नोटीस आली. नाव काढा, नाहीतर कोर्टात या.

"चुकून आली असेल," शेजारीण म्हणाली. ताईलाही तसंच वाटलं. नोटीस पिशवीत घालून ती भावाच्या ऑफिसात गेली. तिथे वकील आधीच बसला होता. भावाने तिच्यासाठी चहा मागवला.

"अरे, हे मला आलंय. पत्ता बघ की," ती म्हणाली.

"माहितीय, ताई. एकाला सोडलं तर उद्या कुणीही उठेल आणि नाव लावेल."

"मी कुणीही?"

वकिलाने घसा खाकरला. "बाई, कागदोपत्री तुमचं नाव वेगळं आहे. तुम्हाला सदाफुली म्हणायचे याला काही पुरावा?"

"हा बसलाय की समोर! विचारा त्याला."

भाऊ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "लहानपणी घरात काहीबाही हाका मारतात. कोण लक्षात ठेवतं?"

वकिलाने नाव सोडल्याचा कागद पुढे ठेवला होता, ताईने तो ओढला आणि सही केली. कागदोपत्री नावाची, एकेक अक्षर नीट काढून.

"गाडीने सोडायला सांगतो," भाऊ म्हणाला.

"राहू दे. मला बस आहे."

दुसऱ्या दिवशी तिने पाटीच्या अर्ध्या भागावर रंग फासला. उरलं नुसतं 'शिवणकाम'. आठवड्याने कंपनीचा एक माणूस फोन घेऊन दारात आला. ती बाहेर येऊन पाटीखाली उभी राहिली.

"मावशी, जरा बाजूला व्हा. फक्त पाटीचा फोटो हवाय."

"मी आले त्यात तर काय होतं?"

"साहेबांना नाव काढल्याचा फोटो पाहिजे. त्यात माणूस नको."

"सांग तुझ्या साहेबांना, माणूसही काढलाय म्हणावं."

त्याला काही कळलं नाही. ती बाजूला झाली, त्याने त्याला हवा तसा फोटो काढला, आणि ती आत जाऊन अर्धवट राहिलेला पडदा शिवायला बसली. टाके दोनदा वाकडे गेले. दोन्ही वेळा तिने ते उसवले.