पहिला नंबर

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक आहे, मला फक्त मुलीच्या नोंदीतला पहिला फोन नंबर बदलायचाय. माझा आहे, तिथे तिच्या वडिलांचा घाला. म्हणजे दुसरा नंबर वडिलांचा, बाई म्हणाल्या. मी म्हटलं, पहिला. त्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे बाहेरगावी जाताय का. जसं काही मी नवराच बदलून मागायला आले होते. शेवटी त्यांनी नाइलाजाने वडिलांचा नंबर घातला, पण वरच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, माझा नंबर तसाच ठेवून. मी टेबलाशी उभी राहून तो खोडायला लावला.

असे आठ दिवस मी नंबर बदलत फिरत होते. शाळेच्या गाडीवाले काका, नळवाला, गॅसवाला, सासूबाईंचा डोळ्यांचा दवाखाना, इमारतीचा वॉचमन, लॉन्ड्री. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न आणि तीच नजर. नळवाल्याने तर सरळ सांगितलं, मॅडम, साहेबांना काय विचारणार, त्यांना कुठला नळ गळतोय ते माहीत नसतं. मी म्हटलं, होईल माहीत. आमच्या घरात माणसं चार, पण बाहेरच्या जगाच्या लेखी आमचं घर म्हणजे माझा फोन.

आता हा खटाटोप कशासाठी ते सांगते. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात मी पाणी तपासते. चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत आमच्या लॅबच्या प्रमुखाची खुर्ची दोनदा रिकामी झाली आणि दोनदा माझ्या नाकासमोरून गेली. पहिल्यांदा ती मिळाली मी शिकवून तयार केलेल्या माणसाला. दुसऱ्यांदा बाहेरून एक गृहस्थ आले, त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं की ही पेटी गरम का लागते. ती नमुने उबवायची पेटी होती, गरम नाही लागणार तर काय. दोन्ही वेळा आमचे मोठे साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण तुम्हाला घर असतं. त्या दोघांना बहुतेक झाड असावं.

या वेळी खुर्ची पुन्हा रिकामी झाली तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले. त्यांनी मला तीन महिन्यांसाठी तात्पुरतं प्रमुख केलं. तीन महिने संपताना मुख्य कार्यालयातून तपासनीस येणार, एक दिवस माझं काम बघणार, आणि त्याच दिवशी संध्याकाळी काय ते ठरणार. साहेबांनी एकच अट घातली, त्या दिवशी घरचा फोन नको. फोन बंद ठेवता येत नाही, कारण पंपावरचा माणूस क्लोरीन किती सोडायचं ते मला याच फोनवर विचारतो. तेव्हा घराचाच बंदोबस्त करणं भाग होतं.

आणि खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. मुलीसाठी नाही, संसाराला हातभार म्हणून नाही. मला स्वतःला हवी होती, लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी.

नवरा गाडी चालवायला शिकवतो. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शेजारी बसायचं, रस्त्यावर नजर ठेवायची, आणि अगदीच गाडी कुणाच्या अंगावर जायला लागली तर पाय दाबायचा. घरातही तो तसाच शेजारी बसतो. माणूस वाईट नाही हीच तर पंचाईत आहे, वाईट असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते. सांगितलेलं सगळं करतो. कपडे वाळत घाल म्हटलं की घालतो. पण पाऊस आला की ते काढायचे असतात, हे पुन्हा सांगावं लागतं. तू फक्त सांगत जा, हे त्याचं पालुपद. अरे बाबा, सांगणं हेच तर काम आहे. लक्षात कुणी ठेवायचं, बघायचं कुणी, तुझा मूड बघून सांगायचं कुणी आणि झालं का म्हणून मागे कुणी लागायचं? हात काय, कुणाचेही चालतात.

नंबरांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यात काय एवढं. इतक्या सहज म्हणाला की मला तिथेच शंका यायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी डबे भरून, सासूबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब काढून ठेवून, मुलीची वेणी घालून आठला लॅबमध्ये हजर. तपासनीस म्हणजे एक किडकिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. स्वतःचा थर्मामीटर घेऊन आले होते आणि आमच्या प्रत्येक पेटीचं तापमान त्याने पुन्हा मोजत होते. नोंदवह्या बघितल्या, नमुन्यांच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात फोन आला, नळवाल्याचा. मी दबक्या आवाजात म्हटलं, साहेबांना लाव. तो म्हणाला, साहेबांनाच लावलाय. मला वाटलं, सवयीने लावला असेल मलाच. दहा मिनिटांनी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन, सासूबाईंची तारीख पुढे ढकलायची आहे. त्या मुलीनेही तेच सांगितलं, मी तर सरांचा नंबर फिरवला. आता मात्र ही नुसती सवय वाटेना. मी नवऱ्याला फोन लावला, तर माझ्याच फोनवरची बाई मला सांगते, आपण फोन केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. म्हणून लॅबच्या टेबलावरच्या फोनवरून त्याचा नंबर फिरवला आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात फोन वाजायला लागला.

एका कानाला रिसिव्हर, खिशात घंटा, आणि समोर तपासनीस. ते सभ्यपणे म्हणाले, घ्या, तुमचाच असेल. माझाच होता. नवऱ्याला केलेला फोन मलाच आला होता.

म्हणजे नवऱ्याने काय केलं असेल? गाडीत शिकाऊ माणूस असताना फोन घ्यायचा नाही, हा त्याच्या कामाचा नियम. आता घरचे फोन येणार, मग काय करायचं, तर या हुशार माणसाने आपल्या फोनवर येणारे सगळे फोन सरळ माझ्याकडे वळवून ठेवले. मला विचारून करावं असंही वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आठ दिवस उंबरे झिजवून मी जे सगळं त्याच्या गळ्यात घातलं होतं, ते त्याने एक बटण दाबून माझ्या गळ्यात परत घातलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर तपासनीस होते, मी रिसिव्हर हलकेच ठेवला.

बाराच्या सुमाराला त्यांनी मला क्लोरीनची चाचणी करून दाखवायला सांगितली. निळ्या पाण्यात वरच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला तरी आकडा चुकतो. रंग फिका होत आला होता, माझी बोटं तोटीवर होती, आणि फोन वाजला. तोटी जराशी जास्त फिरली. रंग गेला, पण कितव्या थेंबाला गेला ते देव जाणे. तपासनिसांनी काहीतरी लिहिलं.

फोन शाळेतून होता. लेकीला उलट्या होतायत, अंग तापलंय, घेऊन जा. क्षणभर ॲप्रन काढावा असं वाटलंही. मग मी शाळेतल्या बाईंना गाडी शिकवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसचा नंबर दिला आणि म्हटलं, तिथे सांगा, ते तिच्या वडिलांना पाठवतील. बाई म्हणाल्या, पण तुम्हीच आला असतात तर. मी फोन ठेवला आणि दुसरं निळं पाणी तयार करायला घेतलं.

अर्ध्या तासाने पुन्हा शाळा. या वेळी हातात मोजे होते, म्हणून स्पीकर लावला. बाई म्हणाल्या, एक गृहस्थ आलेत, वडील आहे म्हणतात. पण आमच्या कार्डावर तुमचा फोटो आहे, आजींचा आहे, गाडीवाल्या काकांचा आहे, यांचा नाही. मुलगी कुठल्या वर्गात विचारलं तर तिसरी ब म्हणाले. आमची लेक चौथीत आहे, आणि ब मध्ये ती कधीच नव्हती. तपासनीस बाटलीवरचं लेबल वाचत होते, एकच लेबल बराच वेळ वाचत होते.

मी म्हटलं, मुलीला विचारा ना. मग लेकीचा आवाज आला, बारीक, थकलेला. "हे बाबाच आहेत. पण त्यांना काही विचारू नका, त्यांना माहीत नसतं. आईला विचारा."

मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. संताप कुणावर काढायचा तेही कळेना. मी तिला म्हटलं, राणी, आज बाबाच तुला घरी नेतील, मी संध्याकाळी येते. ती म्हणाली,

"औषध कुठे असतं ते बाबांना ठाऊक नाही."

"तुला ठाऊक आहे ना?"

"आहे. मग मी सांगते त्यांना."

"शहाणी माझी ती," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

तपासनीस म्हणाले, तुम्हाला जायचं असेल तर जा, आपण पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. चांगल्या मनाने म्हणाले असतील. पण पुढच्या महिन्यापर्यंत माझे तीन महिने संपलेले असणार आणि साहेब गोड आवाज काढून तयार असणार, हे मला पुरतं माहीत होतं. मी म्हटलं, नको, तिचे वडील आहेत. दुसरं निळं पाणी या फोनात वाया गेलं होतं, तिसरं घेऊन चाचणी केली. थेंब मोजून, जिथे थांबायचं तिथे थांबले.

पाच वाजता साहेबांनी बोलावलं. तपासनिसांनी लिहिलं होतं की लॅब चोख आहे आणि प्रमुख म्हणून यांनाच कायम करावं, फक्त चाचणीच्या टेबलाजवळ फोन नसावा. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, बघा, मनात आणलं की जमतं. चौदा वर्षं माझ्या मनातच येत नव्हतं बहुतेक. तरी मी आनंदात होते. घरी जाताना बसमध्ये उभ्याउभ्या स्वतःशीच हसले. नवऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, तेही उद्यावर टाकलं.

दार सासूबाईंनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून कौतुकाने आत बघायला सांगितलं. सोफ्यावर लेक उशांना टेकून बसली होती. कपाळावर ओला रुमाल, गाल लालबुंद, आणि कानाला बापाचा फोन. शाळेच्या गाडीवाल्या काकांशी बोलत होती. उद्या येऊ नका, परवाचं उद्या संध्याकाळी कळवते, असं चाललं होतं. बोलणं तंतोतंत माझं. 'कळवते' म्हणताना मी भुवया वर करते, त्याही तशाच वर केलेल्या.

नवरा पाण्याचं भांडं घेऊन शेजारी बसला होता. शर्ट उलटीने भरलेला, पण चेहरा उजळलेला. मला बघून त्याने दिवसभराचा पाढा वाचला. थर्मामीटर कुठे ते तिने सांगितलं, औषध किती द्यायचं ते तिने सांगितलं, चादर कुठली घालायची, आजीचे थेंब किती वाजता घालायचे, गॅसवाला येईल तेव्हा जुनी टाकी कुठून काढायची. मध्ये डोळा लागला होता तिचा, पण त्याने हाक मारली की लगेच उठून सांगत होती. ताप किती, मी विचारलं. एकशे दोन, तो म्हणाला.

"मला एक गोष्ट म्हणून शोधावी लागली नाही," तो म्हणाला. "अगदी तुझ्यावर गेलीय."

सासूबाईंनी मान डोलावली. लेकीने फोन ठेवून माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. दुपारी मीच तिला दिली होती, तशी. नऊ वर्षांची पोर, तापाने फणफणलेली, आणि अख्खं घर तिच्या तोंडाकडे बघत बसलेलं. मी इतके दिवस फिरून पहिला नंबर वडिलांचा केला नव्हताच. मी तो हिचा केला होता. खुर्ची, तपासनीस, सगळं कुठल्या कुठे गेलं.

मी पर्स खाली ठेवली, तिच्याजवळ बसले आणि बापाचा फोन तिच्या हातातून काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, तो रुमाल गरम झालाय, दुसरा आण.

तो उठला. कपाटापर्यंत गेला आणि तिथून वळून त्याने विचारलं, "रुमाल कुठल्या खणात असतात?"

लेकीने तोंड उघडलं. मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. तिचा श्वास कढत लागत होता. सासूबाई काही बोलणार होत्या, मी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

त्याने आमच्या तिघींकडे पाळीपाळीने बघितलं. कुणीच काही सांगेना, तेव्हा त्याने पहिला खण उघडला.