चटका

"जोर लावू नकोस! नटाखालचा स्टड तुटला तर इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल," मिस्त्री स्टुलावरून ओरडले.

"मग तुम्हीच या ना खाली," मोटरसायकलपाशी उकिडवी बसलेली त्यांची बायको म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र परका झाला. तो हलायचा, वस्तू धरायचा, पण त्याला काही कळायचं नाही. गरम काय, गार काय, सुई टोचली काय, सगळं एकच. आणि मिस्त्रींचं तर सगळं आयुष्य त्या हातावर चाललेलं. इंजिनाच्या मागे जिथे नजर पोचत नाही, तिथे त्यांची बोटं बघायची. आता ते स्टुलावरून सांगायचे आणि एरवी फक्त डबा घेऊन गॅरेजमध्ये येणारी बायको पाना चालवायची. तिच्या नखांतला काळा मळ आता निघत नसे. शेजारच्या टायरवाल्याने गॅरेजची जागा मागितली होती. "संध्याकाळी सांगतो," मिस्त्री त्याला म्हणाले होते. काय सांगणार, ते नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून तो विषय कोणी काढला नव्हता.

गाडी होती शाळेतल्या गाण्याच्या सरांची. जुन्या सायलेन्सरची गंजून चाळण झालेली. सरांनी कुठूनसा दुसऱ्याच कंपनीचा नवा सायलेन्सर आणला होता आणि तंबोरा धरावा तसा ते तो मांडीवर घेऊन बसले होते.

"मूळचा आवाज चिरका होता हो," सर म्हणाले. "हा खर्जातला आहे म्हणे."

"मुख्याध्यापिका बाई गाडी फाटकाबाहेर लावायला सांगतील, बघा," बायको म्हणाली.

"सांगू देत. मी येतोय हे पोरांना आधी कळेल, तेवढीच शांतता."

नट हलायला तयार नव्हता. "थोडा सुलट, थोडा उलट," मिस्त्री म्हणाले. "तेल सोड त्याच्यावर. भांडू नकोस, गोडीगुलाबीने घे."

"तुम्हाला घेतलं तसं?"

सर खो खो हसले. आणि तेवढ्यात नट करकरत सुटला. दुसराही सुटला. मिस्त्रींनी धरून ठेवलेला श्वास सोडला.

पुढचं काम सोपं वाटलं होतं, पण बाहेरचा माल तो बाहेरचाच. तोंडाशी नवं पॅकिंग बसवलं, पाइप लागला, तर मागच्या पट्टीचं भोक बोटभर लांब. बायकोने पुढचे नट ढिले केले, सायलेन्सर खांद्याने उचलून धरला आणि दात-ओठ खात मागचा बोल्ट आत घातला. मग पुढचे नट आवळले. कपाळावरचा घाम मनगटाने पुसत ती उठली आणि तिने किक मारली.

आवाज खरंच भारदस्त होता. सरांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले. जरा उशिराच म्हणाले.

मिस्त्री स्टुलावरून उतरले. पाइप बसवल्यावर सांध्याजवळ तळवा धरायचा, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. सवयीने उजवाच हात पुढे गेला. बायकोच्या ओठांवर आलं होतं, अहो, तो नको. तिने ते गिळलं.

"लीक आहे," मिस्त्री म्हणाले.

"चांगलं घट्ट आवळलंय मी."

"लीक आहे गं. फुसफुस हवा येतेय. गरम." ते थांबले. मग हळूच, स्वतःशीच म्हणाले, "गरम?"

खात्री करावी म्हणून त्यांनी बोट आणखी पुढे नेलं. ते पाइपलाच टेकलं.

"आई गं!"

बायकोने झटकन गाडी बंद केली. "भाजलं का हो?"

"भाजलं! अगं, भाजलं मला!" पोरगं पास झाल्याची बातमी द्यावी तसे मिस्त्री ओरडत होते.

ती पाना हातात घेऊन तशीच खाली बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

सरांनी घसा खाकरला. "खरं सांगू? सांध्यातली टकटक मला ऐकू आली होती. पण वहिनींनी एवढी मेहनत घेतली, म्हटलं कशाला..."

"पोरं बेसूर गायली तरी असंच 'वा' म्हणता का हो सर?"

"म्हणतो," सर ओशाळून म्हणाले. "म्हणून तर कोणी शिकत नाही."

पाइप निवेपर्यंत चहा झाला. बायकोने एक नट पुरता आवळून मग दुसरा घेतला होता, म्हणून सांधा एका बाजूला तिरपा बसला होता. या वेळी मिस्त्री स्वतः गुडघ्यावर बसले. उजव्या हातात पाना. थोडा हा नट, थोडा तो. मध्येच पाना निसटून खण्णकन पडला. बायको हलली नाही. मिस्त्रींनीच तो उचलला आणि पुन्हा लावला.

गाडी चालू केल्यावर तळव्याला हवा लागली नाही, सांधा नीट बसला होता. सर निघाले, वळणापलीकडे गेल्यावरही तो खर्ज बराच वेळ ऐकू येत होता.

दिवेलागणीला टायरवाला आला. "मग मिस्त्री, काय ठरलं?"

"नाही देत, बाबा."

टायरवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे. "चला, बरं झालं," तो म्हणाला. तो गेल्यावर बायकोने केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला.

गॅरेज बंद करताना तिला त्यांच्या बोटावर टरारलेला फोड दिसला. तिने मलमाची ट्यूब आणली. "द्या इकडे हात."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "जरा वेळ दुखू दे."

तिने ट्यूबचं झाकण परत लावलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.