खिळ्यावरच्या तसबिरी

भोंग्याच्या बटणावर एक हात ठेवून अतुलने दुसऱ्या हाताने आईला फोन लावला. धरणाचे दरवाजे तासाभरात उघडायचे होते. भोंगा वाजवणं हे वीजगृहातलं त्याचं काम. पण तो आवाज खालच्या दोन-तीन गावांपलीकडे जात नसे, आणि आई राहायची ती वसाहत तर पार खाली, नदीच्या काठाला होती.

ती वसाहतही धरणानेच दिलेली. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा बौद्धवाड्याच्या वाट्याला ही काठावरची जागा आली, आणि पुढे धरणग्रस्ताच्या दाखल्यावर अतुलला नोकरी लागली. ज्या पाण्याने घर गिळलं त्याच पाण्यावर आपली चूल पेटते, याची बोच त्याला अधूनमधून लागायचीच.

पूर येणार म्हणून कितीही दवंडी पिटली तरी तिथे कोणी हलत नसे. अतुलचा फोन आला की त्याची आई सोनूबाई स्टुलावर चढायची, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर खिळ्यावरून उतरवायची, पांढऱ्या लुगड्यात बांधायची आणि दारात येऊन उभी राहायची. ते गाठोडं दिसलं की सगळी गल्ली जनावरांची दावी सोडून माळावरच्या शाळेची वाट धरायची.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. पाणी पिंपळाच्या पारावर चढणार, असं अतुलने छातीठोक सांगितलं, गल्ली उठली आणि पाऊस अचानक उघडला. पाणी काठाखालीच राहिलं. शाळेच्या चढावर शेजारच्या अण्णासोंची गाभण म्हैस घसरली, पाय मोडून बसली ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हापासून अण्णासो सोनूबाईशी बोलत नव्हते. ते न बोलणं तिने फार मनाला लावून घेतलं होतं.

"आये, तसबिरी उतरीव."



"न्हाय बाबा," सोनूबाई म्हणाली. "हितं ऊन पडलंय. तू सांगायचं, म्या उतरवायचं, आणि पाणी न्हाय आलं की लोकांनी माझ्या तोंडाकडं बघायचं. अण्णासोची म्हस अजून माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाय."

अतुलने तिला परोपरीने समजावलं. हल्ली पावसाचा नेम राहिला नव्हता. जून-जुलै कोरडे जायचे, विजेला पाणी पुरावं म्हणून साहेब लोक धरण काठोकाठ भरून ठेवायचे, आणि मग ऑगस्टात महिन्याचा पाऊस एका रात्रीत कोसळायचा. काल धरणाच्या वरच्या अंगाला, मलकापूरच्या बाजूला तसाच कोसळला होता. वसाहतीत ऊन असलं तरी वरचं पाणी दुपारपर्यंत तिथे पोचणार होतं. ती सगळं ऐकून घेत राहिली, पण स्टूल सरकल्याचा आवाज काही येईना.

साहेबांनी काचेआडून हात केला. भोंगा द्यायची वेळ झाली होती.

"एवढं सांग," सोनूबाई म्हणाली. "पाणी कुठवर येणार?"

दरवर्षी ती हे विचारायची आणि दरवर्षी तो बेधडक सांगायचा, पारापर्यंत, नाहीतर विहाराच्या पायरीपर्यंत. आताही छपराला लागेल म्हणून ठोकून द्यावं, म्हणजे भिऊन तरी उठेल, असं त्याच्या मनात आलं. पण जीभ रेटेना. समोरच्या पडद्यावर दिसत होती तेवढी पाण्याची पातळी त्याने सबंध नोकरीत कधी पाहिली नव्हती.

"मला ठावं न्हाय, आये," तो म्हणाला. "साहेबांस्नीबी ठावं न्हाय."

आता ती मुळीच उठायची नाही, असं त्याला वाटलं.

"तुलाच ठावं न्हाय?" तिने हळूच विचारलं.

मग फरशीवर स्टूल खरखरलं. फोन तिने कुठेतरी तसाच ठेवला असावा. भिंतीला काच घासल्याचा आवाज आला, लुगडं झटकल्याचा आला, दाराची कडी निघाली. बाहेर जाऊन तिने कोणाला हाक मारली नाही. ती कधीच मारत नसे. अतुल फोन कानाला गच्च धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने अण्णासोंचा आवाज आला, दारातूनच.

"सोनूबाई, गाठोडं माझ्याकडं द्या. चढ निसरडा हाय."

अतुलने फोन चालूच ठेवून भोंग्याचं बटण दाबलं.